बॅटरीखोलीतली तालीम

पाणक्याच्या थोरल्या लेकीला सासरी जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी टेलिफोन ऑफिसात अपघाताची तालीम सुरू झाली. तळघरात ऍसिडच्या पंचावन्न बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्याला सगळे पाणक्या म्हणत, कारण जन्मभर त्याने बॅटऱ्यांना शुद्ध पाणीच पाजलं होतं. तालीम घेणारा सेफ्टीसाहेब म्हणजे पाणक्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराच्या ठोक्याला पाणक्याने जमिनीवर पडून बोंब ठोकायची, की डोळ्यात ऍसिड गेलं. एकाने दारं उघडायची, एकाने फरशीवर खायचा सोडा पसरायचा. एकाने पाणक्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि बाकीची चौदा मिनिटं ओतलं असं समजायचं. मेहुणा घड्याळ बघून गुण द्यायचा.

दुसऱ्या महिन्यापासून वरच्या मजल्यावरच्या बाया खुर्च्या घेऊन खाली येऊ लागल्या. मग पाणक्याला चेव आला. तो बायकोचा निरोप घेई, सायकल कोणाला द्यायची ते सांगे, ही तालीम नाही असंही शपथेवर म्हणे. मेहुण्याने एकदा शेरा मारला, ओरडणं भरपूर, कळ कमी.

डोळे झाकायचा चष्मा ऑफिसात एकच. तालमीत नवा दिसावा म्हणून मेहुण्याने तो कपाटात कुलूप लावून ठेवलेला.

तो गुरुवार होता. रविवारी थोरली जुळ्यांना घेऊन पहिल्यांदा माहेरी यायची होती, आणि पाणक्या सोमवारपासून दिवस मोजत होता. काचेच्या नळीत ऍसिड ओढून बघताना वरचा रबरी फुगा फाटला आणि उजव्या डोळ्यात निखारा पडावा तसं झालं. पाणक्या बोंबलत खाली बसला. दोन्ही डोळे गच्च मिटले, नळ कुठल्या अंगाला तेच कळेना.

माणसं आली, खुर्च्या घेऊनच. मेहुणा घड्याळ बघत आला.

"दाजी, आज गुरुवार आहे."

पाणक्या म्हणाला, ही तालीम नाही. बायांनी माना डोलावल्या, हे त्यांना पाठ होतं. मागच्या खेपेला पडला बरा होता, असं एकीचं मत पडलं. कळ खरी असल्यामुळे त्याला आता ओरडताही येईना, तर मेहुण्याने आवाजाचे दोन गुण कापले. पाणक्या आठवून आठवून दमला. संकटातल्या माणसाने बोलावं असं जे जे होतं, ते त्याने तालमीतच उधळून टाकलं होतं.

शेवटी तो हळूच म्हणाला, "जुळ्या बघायच्या राहिल्या रे माझ्या."

हे तालमीत कधी नव्हतं. नातींना त्याने या खेळात कधी ओढलंच नव्हतं. मेहुण्याने हातातलं टाकलं. वही एकीकडे, पेन एकीकडे. त्याने दाजींना मानगुटीला धरून नळाखाली नेलं, अंगठ्याने पापणी वर धरली आणि धार सोडली. एक कारकून सोड्याचा डबा घेऊन डोळ्याकडे धावला, तसा मेहुणा गुरकावला, "सोडा फरशीला. डोळ्याला नुसतं पाणी."

निदान पंधरा मिनिटं धुवायचं, असा नियम. पण मनगटावरच्या घड्याळात पाणी शिरून काटे थांबले. मेहुणा घड्याळ बघत राहिला आणि पंधरा मिनिटं काही होईनात. पाऊण तासाने दवाखान्याची गाडी आली तेव्हा दोघेही कुडकुडत होते. डॉक्टर म्हणाले, एवढं धुतलं म्हणूनच डोळा वाचला.

पट्टी निघाल्यावर काही दिवस त्याला एकाचे दोन दिसत. आपल्याला चार नाती आहेत, असं तो येईल त्याला सांगे. चष्मा कपाटातून त्याच्या नाकावर आला तो कायमचा. बॅटरीखोलीच्या दारावर मेहुण्याने पाटी लावली: खरं असेल तर 'जुळ्या' म्हणावं.

नऊ वर्षांनी तालमीच्या एका सोमवारी, घड्याळ बघता बघता मेहुणा छाती धरून खाली बसला. बायांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. पाणक्या त्या वेळी ठरल्याप्रमाणे फरशीवर पडून बोंबलत होता.

"जुळ्या," मेहुणा म्हणाला.

पाणक्या ओरडायचा थांबला. कोणी हसलं नाही. सगळे धावले, कोणाचं काही चुकलं नाही, चार मिनिटांत गाडी निघाली.

मेहुणा त्याच दिवशी दुपारी सव्वादोनला दवाखान्यात वारला. पाणक्या जुळ्यांना सोळावं लागलं त्या वर्षी झोपेत गेला.