अभिनंदनाचं बटण

"तुझंच एक आलं गं," मास्तर फोनवर म्हणाले. "एवढ्या लोकांत तुझंच."

काय आलं ते तिला कळेना. समोर टेबलावर वजनकाटा नुकताच सुरू केलेला होता. काटे तपासून दुरुस्त करण्याचं हे काम तिला सोळा वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत, मास्तरांनीच शिकवलं होतं. काटा सुरू केला की अर्धा तास थांबायचं. त्याआधीचा आकडा धरायचा नाही.

अलीकडे त्या अर्ध्या तासात ती मोबाइल उघडायची. नव्या साहेबांनी बजावलं होतं, "काम सगळेच करतात. नेटवर, त्या नोकरीवाल्यांच्या साइटवर दिसत राहा. बढतीच्या वेळी मी तेच बघणार." तिला कुठला वेळ? शेवटी लेकीनं हिशोब बसवून दिला. "आई, रोज आठ मिनिटं. पाच लाइक, दोन अभिनंदनं, एक कॉमेंट. आणि वाचत बसू नकोस, वाचलंस की मेलीस."

"एकोणीस वर्षं झाल्याबद्दल अभिनंदन केलंस ना," मास्तर सांगत होते.

"अं? हो हो, करायलाच हवं!"

"उद्या जरा येऊन जाऊ?"

फोन ठेवून तिनं मास्तरांचं प्रोफाइल उघडलं. 'नोकरीची एकोणीस वर्षं पूर्ण.' खाली एकच ओळ, तिच्या नावाची : 'अभिनंदन! अशीच घोडदौड चालू राहो!' हे आपण कधी दाबलं, तिला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्या कंपनीत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. बाहेरच्या खोलीत बसल्यावर हळूच म्हणाले, "एकोणीस कुठली गं? आठ महिन्यांपूर्वीच काढलं मला. ते पान बदलायचं राहिलं. ते आपलं मोजत बसलंय."

"आणि घरी?"

"घरून मी रोज डबा घेऊन निघतो."

"मास्तर, खरं सांगू? मी वाचलंच नव्हतं. नुसतं तयार अभिनंदनाचं बटण दाबलं."

मास्तर हसले. "तेवढं कळतं मला. 'घोडदौड' हा शब्द तू जन्मात वापरला नाहीस." मग नखानं पिशवीचा बंद खरवडत राहिले. "पण बायकोला दाखवलं मी ते. म्हणाली, बघा, माणसं विसरत नाहीत."

सॉरी म्हणावं, की बरं झालं म्हणावं?

"तुमच्याकडे माणूस हवाय का?" मास्तरांनी विचारलं. हवा होता. ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

साहेबांनी संगणकात नाव टाकलं, पडदा तिच्याकडे वळवला. "हे तर नोकरीत आहेत. खाली तुझंच अभिनंदन आहे की!"

"नाहीत, साहेब. म्हणजे होते. त्यांच्याइतका तयार हात कुणाचा नाही, मी सांगते ना."

"मग हे काय? खोटं कोण बोलतंय, ते की तू?"

खरं तर कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि तरी ते खोटंच होतं.

"आधी त्यांना ते पान नीट करायला सांग," साहेब म्हणाले. "मग पाठव."

तिनं बाहेर येऊन सांगितलं. पान बदललं की मास्तरांच्या घरी कळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. "माझी ती ओळ काढू का?" तिनं विचारलं. "मला काही समजेनासंच झालंय."

"मलाही," मास्तर म्हणाले. "राहू दे."

ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. पहारेकऱ्यानं नोंदवही पुढे केली. "काका, एक रकाना राहिलाय बघा. 'कंपनी.' येताना भरला नाहीत."

मास्तरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. तपासणीच्या कागदावर रकाना कोरा सोडायचा नसतो. लिहिण्यासारखं काही नसेल, तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. तिला पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे शिकवलं होतं.

ते वहीवर वाकले. पट्टी नसताना, या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी एक सरळ रेघ ओढली. शेजारी बारीक सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून उभे राहिले.