हवा उतरली

डेपोत सगळ्यात भित्रं कोण, असं विचारलं असतं तर मेकॅनिकपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. वीस वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता. "त्यात कसब काही नाही, नुसती भीती आहे," असं ती स्वतःच सांगायची.

शहरात निदर्शनं पेटून तीन आठवडे झाले होते, आणि केंद्रानं पाठवलेलं दल येऊन नऊ दिवस. महापौरांनी पत्र धाडलं, 'आम्ही बोलावलं नाही, परत न्या.' महापालिकेनं ठराव केला, दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली. दल काही हललं नाही. जवानांच्या तोंडाला कापड, छातीवर नावाची पट्टी नाही. माणसं उचलली जायची आणि कुठं नेली ते घरच्यांना कळायचं नाही. गल्लीतला पेंटर सहा दिवस बेपत्ता होता. त्याची आई रोज एकेका कचेरीच्या दारात जाऊन बसायची.

"आज रजा टाक ना," नवरा शिलाई मशिनवरून मान वर न करता म्हणाला.

"मग दवाखान्यातल्या नर्स पोचणार कशा?"

"गावात तू एकटीच ड्रायव्हर आहेस का?"

"इतरांचे नवरेही आत्ता हेच विचारत असतील," ती म्हणाली आणि निघाली. जिना उतरताना मात्र दोनदा कठडा धरावा लागला.

अकराच्या सुमाराला मोठ्या चौकात जवानांनी हात करून बस थांबवली. प्रवाशांना उतरवलं, कंडक्टरलाही. "ताई, मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला तोच एकानं त्याला दंडाला धरून खाली ओढलं. मग मागच्या दारानं माणसं चढायला लागली, हात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली. एकतीस जण. ती आरशात बघत होती. तिसऱ्या बाकावर गणिताच्या मास्तरीणबाई होत्या. तिच्या मुलीला त्यांनी शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर रोज वाचनालयात जाताना याच बसनं जायच्या. चष्म्याची एक काच फुटली होती.

"विमानतळामागची गोदामं," अधिकारी म्हणाला. "कुठंही थांबायचं नाही."

ती निघाली. हात स्टीअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. बाजाराच्या सिग्नलला लाल दिवा लागला. थांबायचं नाही असं सांगितलं होतं, पण वीस वर्षांची सवय, तिनं ब्रेक दाबला. आणि पाय थांबेना. भीतीनं गुडघ्यापासून असा थरथरायला लागला की ब्रेकचं पेडल नुसतं वरखाली, वरखाली. दर वेळी खालून फुस्स आवाज. हवेच्या मीटरचा काटा घसरला आणि कर्कश बझर वाजायला लागला.

"काय झालं?" शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"हवा उतरली, साहेब." आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ब्रेकची हवा. भरल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

ते खरं होतं. इंजिन चालू ठेवून पाय काढला असता तर खरंच दहा मिनिटांत काटा वर आला असता. पण सिग्नलपाशी माणसं थांबली होती, आणि मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. वर्गात हजेरी घेताना यायचा तसा खणखणीत. खिडकीतून बाहेर तोंड काढून त्या स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगत होत्या.

औषधाच्या दुकानातली बाई गोळ्यांच्या कागदी पिशव्या आणि पेन घेऊन धावत आली. "एकेकानं बोला! पुढचं नाव!"

जवान खिडक्या लावायला धावले. एका बाजूच्या लावाव्यात तर दुसऱ्या बाजूनं नावं बाहेर पडायची. काटा हळूहळू वर सरकायला लागला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं पेडल दाबलं. फुस्स. पुन्हा दाबलं. आता पाय आपणहून थरथरत नव्हता.

पुढच्या पायरीवर उभ्या असलेल्या जवानाची नजर खाली गेली. कापडाच्या वरचे दोन डोळे फक्त दिसत होते.

"साहेब," तो ओरडला, "ही मुद्दाम पाय मारतेय!"

अधिकाऱ्यानं तिला दंडाला धरून खाली खेचलं, गुडघे रस्त्यावर आपटले. एक जवान तिच्या जागी बसला, पण हवा भरेपर्यंत बाजारातली माणसं बससमोर बसकण मारून मोकळी झाली होती. शेवटी व्हॅन मागवाव्या लागल्या. त्यात अर्धा तास गेला. एकतिसावं नाव लिहून झाल्यावर दुकानातली बाई तिला म्हणाली, "ताई, तुमचं?"

तिनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. तिचं नाव मास्तरीणबाईंनी सांगितलं.

तिलाही त्यांच्याबरोबर व्हॅनमध्ये घातलं. गोदामात दोन रात्री काढल्या. कुणी मारलं नाही, कुणी काही सांगितलंही नाही, आणि पत्र्याच्या दाराबाहेर पावलं वाजली की तिला वाटायचं, आता आपली पाळी. तिसऱ्या दिवशी वकिलांनी त्या पिशव्या न्यायाधीशांसमोर ठेवल्या. ही बत्तीस माणसं कुठं आहेत, असा प्रश्न झाल्यावर दलाला ती हजर करावी लागली. संध्याकाळी सगळे घरी. पेंटरचं नाव कुठल्याच पिशवीवर नव्हतं. तो अजून सापडला नव्हता.

घरी आल्यावर चार दिवस तिनं खिडकी उघडली नाही. पाचव्या दिवशी डेपोत चौकशीला गेली. वरून पत्र आलं होतं. चौकशी अधिकारी तिच्या ओळखीचेच, निवृत्तीला आलेले.

"मुद्दाम ब्रेक मारलात का?"

"सुरुवातीला नाही, साहेब."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एवढंच लिहितो. पुढचं मी ऐकलं नाही."

तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"पुढचंही लिहा," ती म्हणाली. "नंतर मुद्दाम मारला. खोटी सही केली तर कधीतरी पकडले जाईन, या धास्तीनंच मरेन मी. आणि तो जवान काय ओरडला ते एकतीस माणसांनी ऐकलंय."

त्यांनी लिहिलं. तिनं सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं. तिला तीन महिने घरी बसवलं. त्याच आठवड्यात डेपोतल्या बाकीच्या ड्रायव्हरांनी लिहून दिलं की बांधलेली माणसं आम्ही नेणार नाही, आणि महापालिकेनं तो कागद जसाच्या तसा ठराव म्हणून मंजूर केला. दल आणखी पाच आठवडे राहिलं. त्या पाच आठवड्यांत गल्लीत व्हॅन थांबली की आवाज कानावर येऊ नये म्हणून ती मोरीत जाऊन नळ सोडायची, आणि नवरा मशीन थांबवून दारात जाऊन उभा राहायचा.