मुदत तेवढीच

बाबांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरला अर्धा वेढा दिला, चष्म्याची दांडी उघडझाप करून पाहिली आणि चष्मा उजेडापुढे धरला. काउंटरच्या काचेवर, बरोबर त्यांच्या कोपराशी, तिने ठेवलेला चेक होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आज गेलो तर जेवायच्या आत परत येऊ," ती म्हणाली. "तुमची एक सही लागेल. बाकी सगळं मी बँकेत विचारून ठेवलंय."

"हं." मग फडक्याने काच पुसत बाबा म्हणाले, "काय घाई आहे?"

बोटीवरच्या अरुंद खाटेवर पडल्या पडल्या हा चेक तिने मनात किती वेळा लिहिला होता. खाली इंजिनाची घरघर, भिंतीपलीकडे पाणी, आणि तिच्या डोळ्यांपुढे हेच काउंटर. बाबा चेक उचलतील, डोळ्यांजवळ नेतील, पुन्हा लांब धरतील, मग म्हणतील, चला, फिटलं एकदाचं. दुकानाचं दार ओढून घेतील आणि दोघं चालत बँकेत जातील, पहिल्यांदा गेले होते तसेच. एवढं सगळं तिने पाहून ठेवलं होतं. 'काय घाई आहे' मात्र तिच्या कुठल्याच चित्रात नव्हतं.

कर्ज तिच्या शिक्षणाचं होतं. जहाजांची इंजिनं शिकवणारं कॉलेज दूरच्या गावी, आणि फी अशी की चष्म्याच्या दुकानाने ती नुसती ऐकावी. कर्जाच्या कागदावर तिचं नाव वर होतं, बाबांचं खाली, तिने नाही फेडलं तर आपण फेडू म्हणणाऱ्याचं. शिकत होती तोवर हप्ता नव्हता, व्याज मात्र गुपचूप चढत होतं. नोकरी लागली तेव्हा हप्ते सुरू झाले. पहिला हप्ता खात्यातून आपोआप कापून घ्यायचं ठरलं होतं, पण पगारच उशिरा जमा झाला. हप्ता परत गेला आणि वर दंड बसला. तेव्हापासून ती दर महिन्याचा हप्ता स्वतःच्या हाताने भरत आली होती. भरला की बँकेचा मेसेज दोघांच्याही फोनवर जायचा.

आता बाबा समजावू लागले, तेही तिच्याकडे न बघता. तिला वरच्या हुद्द्याची परीक्षा द्यायची होती ना? त्यासाठी काही महिने किनाऱ्यावर राहून कोर्स करायचा, आणि बोटीवरच्या माणसाला पगार बोटीवर असेपर्यंतच. साठवलेलं सगळं इथे ओतलं तर कोर्सची फी कुठून आणणार? पुन्हा कर्जच काढणार. जुन्या कर्जाचं व्याज कमी, नवीन कर्जाचं जास्त. स्वस्त फेडून महाग घ्यायचं, हा कुठला हिशेब?

म्हणणं चूक नव्हतं. तिनेही वाटेत तसा हिशेब करून पाहिला होता. पण तिला हिशेब नकोच होता. एक खेप आणखी मारू, परीक्षा पुढे ढकलू, पण हे एकदाचं संपवू, असं तिने ठरवलं होतं.

"तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचंय मला."

"डोक्यावर केस टिकले नाहीत," बाबा म्हणाले, "ओझं कुठून टिकणार."

एरवी ती हसली असती. "मला झेपणार नाही असं वाटतंय का तुम्हाला?"

"तसं कुठे म्हणालो मी."

तेवढ्यात एक बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन आत आली. पहिलाच चष्मा, त्यामुळे मुलीचा चेहरा रडवेला. बाबा काउंटरमागून बाहेर आले, गुडघ्यांवर बसले आणि चष्मा तिच्या कानांवर अलगद बसवत गुणगुणले,

"इवल्याशा नाकावर काचेचं घर,
दोन खिडक्या उघडल्या, दिसलं सारं शहर."

मुलगी हसली. ते गाणं बाबांनीच कधीतरी रचलेलं, आणि या दुकानातून पहिला चष्मा घालून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ असलेलं. फक्त त्यांच्या स्वतःच्या लेकीसाठी ते कधी म्हणावं लागलं नव्हतं. लहानपणी ती याच स्टुलावर बसून भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं शिकली, वरच्या थोरल्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत. मग ती ओळ दारातून वाचू लागली. मग रस्त्यापलीकडून, हातात पेरू घेऊन. हिला लांबचं फार दिसतं, ही काही जवळ राहायची नाही, असं बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, आणि गिऱ्हाइकं हसायची.

चेक उचलून ती जिना चढू लागली. बोटीवर इंजिन तापलं तर काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. इथे एका म्हाताऱ्या माणसाच्या 'हं'चा अर्थ लागत नव्हता.

आत्या गॅलरीत मटार सोलत बसली होती. बाबांची ही थोरली बहीण. आई गेली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली आणि वरच्या खोलीत राहिली ती राहिलीच.

"ये, भोंगा," तिने पाट सरकवला. पाळण्यात असताना पोरीने टाहो फोडला की गल्लीतले लोक घड्याळ लावून घ्यायचे, असं आत्याचं म्हणणं. "खाली तापलेलं दिसतंय. वाफ वरपर्यंत आली."

तिने सगळं सांगितलं. चेक, कोर्स, स्वस्त कर्ज, महाग कर्ज. आत्या शेंगा सोलत राहिली. दाणे वाटीत टपटप पडत होते.

"त्याला ते बंद व्हायला नकोय," आत्या शेवटी म्हणाली.

"पण का? कर्ज कुणाला आवडतं का?"

"गेल्या वर्षी तुझा एक हप्ता उशिरा आला होता बघ."

तिला आठवलं. समुद्र खवळलेला, बंदरात जागा नाही, बोट बाहेरच नांगर टाकून उभी. फोनला रेंज नाही. जमिनीवर पाय लागला तेव्हा तारीख कधीच उलटून गेली होती. "दंड भरला मी त्याचा. किरकोळ होता."

"दंड म्हणे." आत्याने शेंग मोडली. "इकडे काय दंड बसला ते तुला कोण सांगणार."

मग आत्याने सांगितलं. त्या दिवसांत बाबा दुकान वेळेवर उघडत होते, वेळेवर बंद करत होते, आणि मधल्या वेळात काय करत होते ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. बेकरीवाल्याचा चष्मा त्यांनी मास्तरांना दिला आणि मास्तरांचा बेकरीवाल्याला. आख्ख्या आयुष्यात असली चूक झाली नव्हती त्यांच्या हातून. मास्तर मुलांच्या वह्या हातभर लांब धरून तपासू लागले, आणि बेकरीवाल्याने पावांचा एक घाणा पार काळा होईपर्यंत भाजला. दोघांनाही वाटलं, आपलंच वय झालं. भिडेपोटी तक्रार कुणी केली नाही. मग एका सकाळी हप्ता भरल्याचा मेसेज आला, आणि बाबांनी स्वतः दोघांच्या दारात जाऊन चष्मे बदलून दिले, नव्या काचांसकट.

"मेसेज आला की जिन्याखाली येतो आणि वर तोंड करून एवढंच म्हणतो, लागली गं बोट. पहाटे आला तर म्हणतो, पार तिकडे गेलीय, तिकडे दिवस चढला असेल. तुझी बोट कुठे आहे हे मला त्या हप्त्यामुळे कळतं बाई."

 तिने एक शेंग उचलून उकलली आणि दाणे काढायचे विसरून तशीच धरून ठेवली.

"मी म्हटलं, फोन कर की तिला. तर म्हणे कामात असेल. बरं, मग तिलाच सांग, आठवड्याला एक ओळ टाकत जा. तर म्हणतो, सांगितलं की तिच्या मागे आणखी एक काम लागेल. हप्ता ती कुणी सांगितलं म्हणून भरत नाही." आत्याने वाटी हलवून दाणे सारखे केले. "आता हे मी सांगितलं म्हणून खाली जाऊन बोलू नकोस. मला याच घरात राहायचंय."

फोन ती करायचीच, अधूनमधून. पण बाबांच्या मनात फोन म्हणजे अजून बिल चढणारी गोष्ट होती. बरी आहेस ना, जेवलीस ना, बरं ठेव आता. त्या 'ठेव आता'ला ती कधी रुसली होती, कधी सरावली होती. आणि तिला आठवली ती कितीएक बंदरं. खलाशांच्या विश्रांतिगृहातला डगमगता बाक, भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड. बाकीचे आधी बाहेर पळायचे, खायला, प्यायला, फिरायला. ती आधी हप्ता भरायची. बटण दाबताना दर वेळी तिला काच घासायच्या पाण्याचा वास आल्यासारखा वाटायचा, दुकानाच्या मागच्या खोलीतला, गार, थोडा मातीसारखा. परक्या गावात हा वास कुठून, असं तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

खाली येऊन ती म्हणाली, "चला, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग इस्त्रीचा शर्ट घालून आले. बारीक स्क्रू ड्रायव्हर त्या शर्टाच्या खिशातही होताच.

बँकेची इमारत तीच होती, आतल्या खुर्च्या बदलल्या होत्या. पहिल्यांदा इथे आले तेव्हा तिने केस इतके ताणून बांधले होते की भुवया वर गेल्या होत्या. त्या वेळच्या साहेबांनी कागद चाळत विचारलं होतं, मुलगी, आणि बोटीवर? पैसे परत येतील ना? बाबांचा कपाळावरचा घाम ती बाजूने पाहत होती. ते म्हणाले होते, "मुलगी परत येणार आहे, साहेब. पैसे तिच्याबरोबरच येतील." साहेबांनी पेन उघडलं होतं.

आता टेबलामागे एक तरुण बाई होती. बोलताना तिचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि ती तो बोटाने वर ढकलत होती. बाबा ते दोनदा पाहून गप्प बसले. तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही.

"बाई, राग नसेल तर द्या इकडे. घटकाभरात होईल."

बाईने हसून चष्मा काढून दिला आणि पडद्यापुढे डोळे बारीक केले. "सगळं बंद करायचं होतं ना तुम्हाला? आकडा काढून ठेवलाय मी."

"नाही," ती म्हणाली. "थोडेच भरते. बाकीचे कोर्सच्या फीला ठेवते." पर्समधला चेक तिने दुमडून आत सारला आणि दुसरा लिहायला घेतला.

बाबांचा हात दांडीवर थांबला. "बरं केलंस," ते म्हणाले.

"मग दोन रस्ते आहेत." बाई सरावाने सांगू लागली. "हप्ता आहे तेवढाच ठेवला तर मुदत कमी होते, कर्ज लवकर संपतं. नाहीतर मुदत आहे तीच ठेवायची आणि हप्ता कमी करून घ्यायचा. मी म्हणेन, मुदतच कमी करा. व्याज पुष्कळ वाचतं. सगळे तेच करतात."

"हो, हो," बाबा लगेच म्हणाले. "बाई बरोबर सांगतायत. मुदतच कमी कर. लवकर मोकळी होशील." हे म्हणताना त्यांनी मान एवढी खाली घातली होती की फक्त टक्कल दिसत होतं.

तिने त्या टकलाकडे पाहिलं. कानामागे, जिथे त्यांचा स्वतःचा चष्मा वर्षानुवर्षं बसत आला होता, तिथे कातडीत एक बारीक खाच पडली होती.

"हप्ता कमी करा," ती म्हणाली. "मुदत तेवढीच राहू द्या."

"व्याज जास्त जाईल हं."

"जाऊ दे. कोर्स चालू असताना पगार नसतो. हप्ता हलका असलेला बरा."

हे खोटं नव्हतं. सगळंही नव्हतं. बाईने मान डोलावली आणि टाइप करू लागली.

"आणि ऑटोवर लावून देऊ का? तारखेला आपोआप जाईल, तुम्हाला लक्षात ठेवायला नको."

"नको. मी हातानेच भरते."

सह्या झाल्या. वर तिची, खाली बाबांची, पहिल्यासारख्याच. थोड्या वेळाने बाबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, हातभर लांब धरला, मग जवळ आणला. मेसेज दोन ओळींचा होता, पण बाबा वाचत राहिले. मग बाजूला, तिच्याकडे, एकदा पाहून घेतलं, जणू पडताळून पाहत होते, आणि फोन जपून खिशात ठेवला.

"काका," बाई म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मेसेजमध्ये आकडा कमी दिसेल. काहीतरी चुकलंय असं समजू नका."

"आकडा कोण बघतं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी जीभ चावली. लेकीकडे न बघता त्यांनी बाईचा चष्मा पुन्हा उचलला, उजेडापुढे धरला, आणि आधीच घट्ट बसवलेला स्क्रू हलकेच आणखी एकदा फिरवला.