बुडल्या आंब्यावरचा कटला

धरण भरून दोन पावसाळे झालते, पण भीमराज अन् मोहिउद्दीनभाईचं भांडण काई बुडलं नाई. जुनं गाव पाण्याखाली गेलं, दोघायचे वावरं गेले, मधातला धुऱ्याचा बांध गेला, धुऱ्यावरचा शेप्या आंबा गेला. तरी भीमराज काठावरून बोट दाखवे, "थो आंबा माह्या हद्दीत हाये." होता नाई, हाये!

त्याची बायको मथुराबाई हे ऐकून पदराआड हसे. त्या पौषात मात्र तिचं हसू आटलं. लेक कौसल्या पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलती, अन् आठ दिवसापासून तिच्या पोटात दाणा ठरत नव्हता. भाकर पाह्यली की उमासे. एकच घोकणं, "माय, मले शेप्याची कैरी पाह्यजे." त्या कैरीले शेपूच्या भाजीचा वास ये. शेवटच्या बहराच्या चार वाळल्या फोडी मथुराबाईनं जपून ठेवल्या होत्या. एक दिली, तं पोट्टीनं थुंकून टाकली, "हे वाळलेलं नको."

पोरीचे गाल बसत चालले. मंग मथुराबाई तिच्या उशाशी बसली.

"अवं, झाड मेलं थोडंच! पाण्याखाली त्याले आताही बहर येते. सरकारनं कलकत्त्याहून आणून सोडलेले कटले मासे पाखरावानी फांद्यायवर बसतात अन् कैऱ्या खातात. त्यायच्या रश्श्याले शेपूचा वास येते."

कौसल्यानं डोळे उघडले. "खरं, माय?"

"मी खोटं बोलली काय कधी?"

"मंग त्याच झाडावरचा पाह्यजे. दुसरा मले वासानं समजन."

आता आली पंचाईत. कोसभर पाणी, सारखं निळं. झाड कुठं, हे अर्धं भीमराजले ठावं अन् अर्धं मोहिउद्दीनभाईले. सात उन्हाळे दोघंही आंबे राखाले बुंध्याले पाठ टेकून बसत, एक इकडून, एक तिकडून. मान वळवून कोणं कोणाकडं पाह्यलं नाई. भीमराजच्या बाजूनं टेकडीवरचं शिंदीचं झाड बरोबर डोंगराच्या खाचेत दिसे. मोहिउद्दीनभाईच्या बाजूनं दर्ग्याचा घुमट चिंचेआड लपे.

मथुराबाई मोहिउद्दीनभाईच्या दारात गेली. "भाई, कौसल्याचे बाबा म्हणतात, तुमाले तं झाडाची जागाही आठवत नाई."

"अस्सं म्हणते थो?"

घरी येऊन नवऱ्याले म्हणे, "मोहिउद्दीनभाई उद्या डोंगा घेऊन आंब्यावर चालले. म्हणे, मासे माहेच हायेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं असं, की पाणी कुठं सरलं अन् आभाळ कुठं लागलं, कळेना. मोहिउद्दीनभाईच्या डोंग्यात दोघंही हट्टानं येऊन पाठीले पाठ लावून बसले. मथुराबाई मधात, वल्हं हाती. गळाले कणकेत मळलेले मोहाचे फुलं. डोंगा पुढं सरके, तसा खाली गावातला एकेक रस्ता सरकून राह्यला, असं तिले वाटे. आपल्याच घरावरून आपण पाखरावानी चाललो. धुकं विरलं.

"शिंदी खाचेत आली!" भीमराज वरडला.

"माहा घुमट दिसून राह्यला अजून. डावीकडं घ्या, भाभी. आणखीन. बस! लपला!"

गळ खाली सोडले. दोर कशाले तरी घासला, फांदीले घासल्यावानी. मंग भीमराजच्या हातातला दोर असा ताणला, की डोंगा फिरला अन् मोहिउद्दीनभाई कमरेपर्यंत भिजला. दोघायनं मिळून ओढला. लेकरायेवढा कटला, चांदीवानी.

"माह्या गळाले लागला," भीमराज म्हणे.

"तोंड माह्या वावरात होतं. शेपूट तेवढी तुही."

"तोंडानंच गळ गिळला नं? मंग तुह्या वावरात माहा गळ कसा?"

"तेच तं इचारून राह्यलो! नऊ वर्षापासून!"

डोंगा डुलाले लागला. मथुराबाईनं वल्हं आपटलं. "पोट्टी तिकडं उपाशी मरून राह्यली, अन् तुमी पाण्यावर धुरा घालता?"

मोहिउद्दीनभाईनं आपला ओला गमछा सोडून मासा त्यात गुंडाळला अन् भीमराजच्या मांडीवर ठेवला. "घे. कौसल्या माह्या डोळ्यापुढं त्या झाडावर चढली."

रस्सा रटरटला. दोघं बाहेर ओट्यावर बसले, या खेपेले तोंडाकडं तोंड करून. कौसल्यानं पह्यला घास घेतला, डोळे मिटले, अन् दोन भाकरी खाल्ल्या. रस्सा पुन्हा मागतला.

"माय, शेप्याच हाये."

"असनच नं," मथुराबाई गालात हसली. राह्यलेल्या तीन वाळल्या फोडी रश्श्यात टाकल्या तं वास येणारच. भांडं धुवाले उठली, पदर खोचाले गेली, तं पदराच्या गाठीत कायतरी टोचलं.

गाठ सोडली. तिन्ही फोडी तिथंच होत्या, कोरड्या.

तिनं चुलीवरच्या भांड्यात बोट बुडवून चाटलं. मंग दारातून त्या निळ्या पाण्याकडं लय वेळ पाहात राह्यली.