फुलोऱ्याची गाडी

माही जाऊ प्रेरणा दिसाले गरीब गाय. तिचं नाव निघालं की माह्या पोटात आग पडते, हे मी सरळ सांगते. तिनं साधं वरण केलं तरी घरादाराचं बोट चाटणं चालते, आन् माह्या पुरणपोळीत कोणाले तरी गूळ कमी लागते.

आमचे सासरे किसनराव, म्हंजे मामाजी, शकुंतला नावाच्या लहान रेल्वेगाडीवर गार्ड होते. गाडी कायमची बंद झाली तवा मामाजीनं घरीच तिचं हातभर इंजिन आन् डबे बनवले. आमच्या दारव्ह्याच्या घरी महालक्ष्म्या बसल्या की फुलोऱ्याच्या करंज्या त्याच डब्यात भरून, रुळावरून देवीपुढं येतात. हिरवा झेंडा मामाजी दाखवतात. यंदा इंजिनाची मोटर जळाली, आन् मामाजीचे हात आता थरथरतात.

ते म्हणे, "दोघी सुना एकएक मोटर पसंत करा. जिची मोटर भरली गाडी ओढीन, झेंडा तिचा. पुढं गाडीही तिनंच सांभाळाची."

मोठी सून मी. झेंडा माहाच होता.

मी दुकानदाराले फोन लावून त्याचं डोकं खाल्लं. करंज्या किती, डबे किती, सारं सांगतलं. तो म्हणे, "ताई, मोटरच्या तोंडाशी गिअरची डबी राहते. जास्त फेऱ्यांची घ्याल तर पळन, पण ओढणार नाही. कमी फेऱ्यांची घ्या, चाक हळू फिरन पण जोर येईन." मी तशीच मागवली. वायरी तुटू नये म्हून त्यायले साडीच्या फॉलचा हिरवा दोरा गुंडाळला. प्रेरणानं मागवली जास्त फेऱ्यांची. दोरा सोडला तर दिसाले दोन्ही सारख्याच, बोटाएवढ्या.

पूजेच्या आदल्या दिवशी रिकाम्या गाडीवर दोन्ही लावून पाह्यल्या. प्रेरणाची अशी सुसाट गेली की सारं घर टाळ्या वाजवून राह्यलं. माही लागली रांगाले. माहा नवरा गोपाल हसून म्हणे, "विमल, तुही गाडी येईपर्यंत दिवाळी येईन."

"करंज्यानं डबे भरतात ना, म्हून ताकदीची घेतली," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही. सारे तिच्याभोवती गोळा झाले होते.

माहं डोकंच फिरलं. दुकानदाराचं बोलणं, वजन, जोर, काही आठवलं नाही. डोळ्यापुढं एकच, तिची पळणारी गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात आघाडा तोडाले गेली, तशी मी देवघरात गेली आन् तिथं ठेवलेल्या आमच्या दोघींच्या खोक्यातल्या मोटरी बदलून टाकल्या.

संध्याकाळी आरती झाली. करंज्या भरल्या. मोठी म्हून पहिला मान माहा. मी मोटर बसवली, बटन दाबलं. मोटर नुसती गुणगुणली. गाडी जागची हलली नाही.

"काढ, जळन ती," मामाजी म्हणे.

मग प्रेरणानं तिच्या मोटरीचं खोकं उघडलं आन् थांबली. वायरीवरचा हिरवा दोरा तिनं बोटानं चाचपला. माह्याकडं पाह्यलं. मी समईची वात सरकवत बसली. तिनं मोटर बसवली.

गाडी निघाली. हळू, डुलत, एकही करंजी न सांडता देवीपुढं येऊन उभी राह्यली. मामाजीच्या डोळ्यात पाणी आलं. "अशीच जाय माही शकुंतला," ते म्हणे. त्यायनं झेंडा प्रेरणाच्या हातात देला. "पोरी, काल रिकामी पळाली, आज वजनही ओढलं, अशी मोटर तुले सुचली कशी?"

प्रेरणा पदर सावरून म्हणे, "करंज्यानं डबे भरतात ना मामाजी, म्हून ताकदीची घेतली."

मोटर माही, बोलणंही माहं. आन् तोंड उघडाची सोय नाही.

गोपाल माह्या कानाशी वाकला. "पाय, शिक तिच्यापासून काही."

मी डब्यातली एक करंजी उचलली आन् अख्खी तोंडात कोंबली.