चांदीवरचा नवस

दिगंबरकाकांच्या बालीगंजच्या घराची बेल वाजवताना कालिंदीला मनापासून वाटत होतं, की घरी कोणी नसावं.

गेल्या गणपतीत, बाहत्तर साली, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन होतं. काकांनी आपलं एकुलतं एक रोमन नाणं मांडलं होतं. चांदीचं, पातळ, अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. त्यांच्या वडिलांना खिदिरपूरच्या गोदीत एका खलाशानं दिलेलं. कालिंदी नाण्यांतली जाणकार समजली जाई. नवऱ्याची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाल्यापासून ती फुटपाथवरची जुनी पुस्तकं आणून दुपारी एकटीच शिकत असे. चूक दाखवणारं कोणी नसल्यामुळे आपली चूक होते हे तिला ठाऊकच नव्हतं.

भिंगातून पाहून ती चारचौघांत म्हणाली, "काका, पुढच्या बाजूला कॉन्स्टँशियस बादशहाचं नाव आहे. मागे हारामध्ये तीस नि चाळीस असे आकडे. म्हणजे राज्याची वर्षं. पण हा तर बापाच्या हाताखाली धाकटा राजा झाल्यापासून मोजलं तरी सदतिसाव्या वर्षी गेला. मेल्यावर नाणं कसं पाडेल? बनावट आहे हे."

"दिगंबरराव, खलाशानं तुमच्या वडिलांना टोपी घातली की हो!" मंडळातला गुरुदत्त ओरडला. सगळे हसले. कालिंदीही हसली. काकांनी नाणं रुमालात गुंडाळलं आणि "अस्सं" म्हणाले.

आणि आठ दिवसांपूर्वी ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात तसंच नाणं समोर आलं. आकड्यांशेजारच्या झिजलेल्या शब्दांकडे तिनं तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. त्यांचा अर्थ होता: तीस वर्षं पार पडली, तो नवस फेडला. आता चाळीस होऊ देत, हे मागणं. चाळीस हा हिशोब नव्हताच. तो मागता मागता गेला, म्हणूनच नाणं त्याच्या शेवटच्या सहासात वर्षांतलं. अगदी खरं.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा अंबाबाईची ओटी भरून, उठायच्या आधीच जावयाची बढती मागून घेणारी बाई ती. नवस तिला नाही ओळखता आला, तर कोणाला यायचा?

दार शकुनकाकूंनी उघडलं. चहा आला. काका हसून म्हणाले, "या, पंडिता! आज कोणाला खोटं ठरवून आलात?"

"काका, ते नाणं जरा बघायला मिळेल?"

"हे काय!" काकूंनी पाऊल पुढे केलं. "माझी जुनी जोडवी मोडून ही नवी केली, त्यात ते नाणंही वितळवून घातलं. सोनार म्हणाला, नाणं खोटं असेल, चांदी मात्र चोख आहे."

कालिंदी त्या जोडव्यांकडे बघत राहिली. आता गप्प बसलं तर कोणालाच कधी कळणार नव्हतं. चहा संपवून उठायचं, बस. पण काका स्वतःहूनच म्हणाले, "वडिलांची गोष्ट मी नातवंडांना सांगायचो. आता सांगत नाही. फसलेल्या माणसाची गोष्ट कशाला सांगायची?"

मग तिनं सांगितलं. कपाकडे बघत, सगळं. काकूंनी पाय हळूच पदराआड ओढून घेतला.

काका म्हणाले, "म्हणजे बाबा फसले नव्हते."

"नाही. चुकले मी. आणि नाणंही गेलं माझ्यापायी."

"नाण्याचं राहू द्या. पण हे मंडळात सांगाल? जिथं ते बोललात, तिथंच?"

"सांगेन ना. येत्या गणपतीत..."

"गणपतीला पाच महिने आहेत. मी एकोणऐंशीचा आहे, कालिंदीबाई. रविवारी पाडव्याचा कार्यक्रम आहे, तेव्हा सांगा."

रविवारी श्रीखंडाची पानं वाढायच्या आधी ती उभी राहिली.

"काय वहिनी, आज काय बनावट निघालं?" गुरुदत्तनं विचारलं.

"माझं वाचन," ती म्हणाली, आणि खाली मान घालून पुटपुटत सांगू लागली. पहिल्या रांगेतून काकांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं," ते म्हणाले. "त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."