जिवनबाईचा चुडा

पहिल्या घावाला काहीच झालं नाही. आजीने वरवंटा पुन्हा उचलला, डावा हात पाट्यावर नीट टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंड फिरव, पेमा."

मी फिरवलं नाही. बारा वर्षांची होते आणि भीतीने इतकी गारठले होते की मान वळवायचंही सुचत नव्हतं. दुसऱ्या घावाला मनगटाजवळची बांगडी तडकली. हस्तिदंती बांगड्या त्या, वापरून पिवळट पडलेल्या, मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून खांद्यापर्यंत. आम्हा बंजाऱ्यांत लग्न झालेल्या बाईचा हा चुडा नवरा जिवंत असेपर्यंत उतरत नाही. आजीची तर बोटांची पेरं सुजून जाड झाली होती, त्यामुळे फोडण्यावाचून इलाज नव्हता.

दारात उत्तमसिंग नायक उभा होता, आमच्या तांड्याचा प्रमुख. हाच माणूस वर्षानुवर्षं आजीला चुडा उतरव म्हणून सांगत आला होता. आज ती उतरवत होती तर त्याला बघवेना, म्हणून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

माझी आजी जिवनबाई या मुलखाची नव्हती. तिचा जन्म माळव्याकडचा, तोही चालत्या तांड्यात. नेमक्या कुठल्या गावच्या शिवारात, ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख फिरायचा, याला आमच्यात लदेणी म्हणतात. लदेणीबरोबर चालत चालत ती लग्नाच्या वयाला हिंगोलीकडच्या या माळावर पोचली, इथेच तांडा बसला आणि ती इथलीच झाली. इथलीच म्हणायचं आपलं. पन्नास वर्षांनंतरही गावातल्या बाया तिला परमुलखातली म्हणत, आणि तिच्या मराठीला हसत.

देवाच्या बाबतीत ती फार कडक होती. सेवाभायाचं नाव घेतल्याशिवाय चूल पेटायची नाही आणि संध्याकाळी निखाऱ्यावर तूप-गुळाचा भोग दिल्याशिवाय आम्हाला भाकरी मिळायची नाही. भुकेने मी रडकुंडीला यायचे, पण आजीचं देवाशी बोलणं काही संपायचं नाही. पाऊस, जनावरं, तांडा, लेकरं असं सगळं मागून झालं की शेवटचं मागणं ठरलेलं असायचं. तो जिथे असेल तिथे त्याला सांभाळ.

तो म्हणजे माझे आजोबा. माझे वडील भावसिंग अंगावर पीत होते तेव्हा आजोबा बैल घेऊन दक्षिणेकडे गेले, ते परत आलेच नाहीत. सोबतीही आले नाहीत, निरोपही आला नाही. पुढे हिंगोलीला रेल्वे आली आणि बैलांवरचं मीठ कायमचं थांबलं. तांडा म्हणाला, मेला असेल. आजी म्हणाली, कोणी पाहिलं? तीनदा पंचायत बसली आणि तिन्ही वेळा तिने एवढंच सांगितलं की मला सांगायला कोणी आलेलं नाही, मग मी कशी मानू? दिवाळीला आमच्यात चुलीतल्या निखाऱ्यांवर लापशीचे घास ठेवून मेलेल्यांची नावं घेतात. वडील सगळ्या वाडवडलांची नावं घ्यायचे, पण त्यांच्या स्वतःच्या बापाचं नाव घ्यायची त्यांना मनाई होती. आजी तर घेणारच नव्हती, नवऱ्याचं नाव बायको कशी घेणार? तिच्या लेखी हिशेब सरळ होता, चुडा हातात आहे तोवर तो जिवंत आहे. चाळीस वर्षांचा तो हट्ट होता हे मला आता कळतं. तेव्हा मीही ते खरंच मानायचे.

तो अठ्ठेचाळीस सालचा श्रावण होता. वडील निजामाविरुद्ध उठलेल्या लोकांना जाऊन मिळाले होते आणि सरहद्दीच्या पलीकडे, वाशीमच्या बाजूला एका छावणीत होते. आई मागेच पटकीने गेलेली, त्यामुळे घरात आजी आणि मी अशा दोघीच होतो. चार दिवसांपूर्वी शेजारच्या तांड्यात रझाकार शिरले. तिथे काय झालं ते मोठ्या बाया कुजबुजत बोलायच्या आणि मी जवळ आले की गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्याचीच मला जास्त भीती वाटायची. मग आदल्या दिवशी नायकाने येऊन सांगितलं की ते भावसिंगाचं घर विचारत आहेत, आणि भावसिंगाला पोरगी केवढी आहे तेही विचारत आहेत.

आजीने एवढं ऐकलं आणि माझा हात धरला, तो रात्रभर सोडला नाही.

सकाळी गावातली पंचफुलाबाई आली. तिची तिन्ही बाळंतपणं आजीने केली होती. तिने येताना आजीसाठी एक जुनं लुगडं-चोळी आणि माझ्यासाठी परकर आणला. कनेरगाव नाक्यावरून आम्हाला पलीकडे न्यायचं, कोणी विचारलं तर पंचमीला नणंदेकडे निघालो म्हणायचं, असा तिचा बेत होता.

"आरशाचा घागरा असा बी बदलता येतो, मावशी," ती म्हणाली. "पर चुडा झाकून झाकत न्हाई. नाक्यावरचे कोसावरून वळखतेत. काय करता?"

आजी चुलीपाशी गेली. मग तिने भोग दिला, सकाळीच, आणि हात जोडून आमच्या बोलीत आजोबांशी बोलली. देवाशी नव्हे. ते बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

"तुला मारायला करत न्हाई हे. भावसिंगाचं लेकरू पोचवायचंय. राग धरू नको."

आणि तिने वरवंटा घेतला.

तुकडे तिने चुलीमागे खड्डा करून पुरले. तिचे हात मला ओळखू येईनात. ऊन न लागलेल्या कातडीचे पांढरे फटक पट्टे, आणि त्यांच्यावर जागोजागी खरचटून आलेलं रक्त. मला वाटलं, माझ्यापायी आजोबा मेले. कुठेतरी दूर, एखाद्या झाडाखाली बैलांपाशी बसलेला तो म्हातारा आत्ता या क्षणी कलंडला. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

नाका दीड-दोन कोसांवर होता. वाटेत चिखल होता आणि माझा नवा परकर पायात अडकत होता. आजीने डोक्यावर टोपली घेतली होती, त्यात ज्वारीचं पीठ आणि वर पंचमीच्या लाह्या. एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने पदर धरून ती चालत होती, कारण दंड चोळीत झाकले गेले तरी कोपराखालचे पट्टे उघडे राहत होते. मला बोलायची बंदी होती. तोंडातून आमच्या बोलीतला एक शब्द निघाला की सगळं संपलं असतं.

नाक्यावर रस्त्यात आडवा वासा टाकलेला होता. जकात घेणारा कारकून टेबलाशी बसला होता आणि बंदूकवाले तिघे सावलीत. त्यातला एक तरणा उठून आमच्याकडे आला. पंचफुलाबाईने पंचमीचं सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"टोकरी उतारो," तो म्हणाला.

आजीने दोन्ही हातांनी टोपली उतरवली आणि पदर घसरला. त्याने लाह्यांकडे बघितलंच नाही, तिच्या हातांकडे बघत राहिला.

"ये क्या है? लमानन है क्या तू?"

मला पळायचं होतं आणि पळणं म्हणजे मरण हेही कळत होतं. तेवढ्यात आजी बोलली. मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत.

"चुडा व्हता. आज फोडला."

"काहेकू?"

"मालक गेले. तिकडं, वाशीमच्या पल्याड. आज कळलं."

त्याने पंचफुलाबाईकडे बघितलं. ये तो पंचमी बोली, असं काहीतरी म्हणाला. आजीने डोळ्यांनीच माझ्याकडे खूण केली आणि आवाज आणखी खाली आणला.

"लेकराला सांगितलं न्हाई अजून."

तो माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग त्याने आजीच्या मनगटावरचं ओलं रक्त पुन्हा एकदा पाहिलं आणि वासा उचलला.

"जाव, अम्मा," तो म्हणाला. त्याने टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हातही लावला.

आम्ही चालत राहिलो. मागे वळून बघायचं नाही असं ठरलं होतं. आजीने पदराचा बोळा दातांत धरला होता. नाका वळणाआड गेला तेव्हा पंचफुलाबाईला हसू फुटलं, सुटकेचं. "काय सुचलं वं मावशी तुमाला," ती म्हणाली. "मी तर मेलेच व्हते. खोटं असं बोलावं, की समोरच्याला रडू यावं."

एका बाभळीखाली आजी थांबली, टोपली उतरवली, खाली बसली आणि दातांतला पदर सोडला.

आमच्या बायका सुरात रडतात. गेलेल्याची एकेक गोष्ट सांगत, गाण्यासारखं. ते रडणं दुरूनच ओळखू येतं, नाक्यावर तिने ते कसं आवरलं देव जाणे. बाभळीखाली तिने सगळं सांगितलं, त्यांच्या बैलांची नावं, निघताना बांधलेल्या पागोट्याचा रंग, वाट पाहिलेल्या दिवाळ्या. पंचफुलाबाईचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, कारण आता मलाही कळलं होतं.

वडील आम्हाला तिसऱ्या दिवशी भेटले. त्यांनी आपल्या आईचे हात पाहिले आणि मला जवळ ओढलं. महिनाभराने निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही दिवाळीच्या तोंडावर तांड्यात परतलो. झोपड्या जळाल्या होत्या, आमच्या चुलीचे तीन दगड तेवढे जागच्या जागी होते.

दिवाळीला आजीने त्याच चुलीवर लापशी केली. वडील निखाऱ्यांवर एकेक घास ठेवत वाडवडलांची नावं घेऊ लागले आणि नेहमीच्या जागी येऊन थांबले. त्यांना पुढे जाववेना आणि आजीकडे बघवेना.

आजीने हात पुढे केला. तीन महिन्यांच्या उन्हानेही ते पट्टे काळवंडले नव्हते, पुढे ती नऊ वर्षं जगली तरी काळवंडले नाहीत. तिने ताटातला घास घेतला, त्यावर तूप घातलं आणि निखाऱ्यावर ठेवला.

"नेमसिंग," ती म्हणाली.

तूप चरचरलं. तिने पदराने हात झाकून घेतले, आणि आम्हाला म्हणाली, "जेवा आता."